भाऊसाहेबांचं ऊन

भाऊसाहेब विशे यांच्या अंगात ऊन कमी आहे, ही बातमी श्रमसाफल्य सोसायटीत पसरायला दोन तास लागले. तेही मधे दुपारची झोप आली म्हणून, नाहीतर अर्ध्या तासाचं काम होतं.

रिपोर्टवर ड जीवनसत्त्वाचा आकडा सहा होता. निदान तीस हवा, असं शेजारीच छापलेलं होतं. भाऊसाहेबांना शाळेत एकदाच कमी मार्क पडले होते, भूगोलात छत्तीस, आणि तेव्हाही त्यांनी गुरुजींकडे पेपर पुन्हा तपासायची मागणी केली होती. सहा म्हणजे काय? सहा मार्क तर नुसतं नाव नीट लिहिलं तरी मिळतात.

"रिपोर्ट बदलला असणार," ते डॉक्टरला म्हणाले.

डॉक्टर पूजा वयाने त्यांच्या मुलापेक्षाही लहान. तिने रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, "जिना चढताना पाय थरथरतात का, काका?"

"थरथरत नाहीत. पुढच्या पायरीचा जरा विचार करतात."

"खाली बसल्यावर उठता येतं?"

"धरायला खिडकी असली तर येतं."

"मांड्या, बरगड्या दुखतात?"

"अडुसष्टाव्या वर्षी कोणाच्या दुखत नाहीत?"

"मग रिपोर्ट तुमचाच आहे," डॉक्टर पूजा म्हणाली आणि कागदावर लिहायला लागली.

खरं सांगायचं तर भाऊसाहेबांना दुखण्यापेक्षा दुखण्याचं नाव झोंबलं. साखर, रक्तदाब ही चारचौघांत सांगण्यासारखी दुखणी. पण ऊन कमी? आणि तेही मुरबाड तालुक्यात? इथे एसटी कमी पडते, उन्हाळ्यात पाणी कमी पडतं, शाळेत मास्तर कमी पडतात, पण ऊन कोणाला कमी पडल्याचं आजवर ऐकिवात नव्हतं. त्यातून भाऊसाहेब मूळचे वैशाखऱ्याचे. बाप भातशेती करणारा, लहानपण सगळं उघड्या अंगाने बांधावर गेलेलं.

"तेव्हा एवढं ऊन खाल्लं, ते गेलं कुठे?" त्यांनी जाब विचारला.

"ते साठून राहत नाही, काका. नंतरची तेहतीस वर्षं तुम्ही कुठे बसलात?"

कचेरीत बसले होते. ट्यूबलाइटखाली, फायलींच्या कपाटाआड. कचेरीत कारकुनाला भाऊसाहेब म्हणायची पद्धत असते. निवृत्तीच्या दिवशी खुर्ची गेली, डोक्यावरचा पंखा गेला, पण भाऊसाहेब हे नाव मात्र ते नारळाबरोबर घरी घेऊन आले होते. धाऊ हे त्यांचं खरं नाव आता फक्त आधारकार्डावर उरलं होतं.

डॉक्टरने आठवड्यातून एकदा दुधातून घ्यायची पावडर लिहून दिली आणि रोज अर्धा तास उन्हात बसायला सांगितलं. हात उघडे, पाठ उघडी, वेळ सकाळी अकरानंतरची.

"सकाळचं कोवळं चालेल ना?"

"कोवळं नको. चांगलं तापलेलं हवं. आणि काचेतून आलेलं मोजायचं नाही." मग तिने पेन खाली ठेवलं. "काका, हे मनावर घ्या. पाय असेच राहिले तर एक दिवस पडाल. या वयात खुब्याचं हाड मोडलं ना, की माणूस पुन्हा पहिल्यासारखा चालत नाही." भाऊसाहेबांनी मान डोलावली, पण घरी आल्यावर जिन्याची एकही पायरी ते बघितल्याशिवाय चढले नाहीत.

सकुबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, हा प्रश्नच वाटला नाही. "अवो, मग वैशाखऱ्याला जाऊन ऱ्हावा ना महिनाभर. खळ्यात बसलं का डोक्यापासून पायापर्यंत ऊन."

"त्या विषयावर चर्चा नको," भाऊसाहेब म्हणाले.

तो विषय अकरा वर्षं चर्चेला आला नव्हता. वैशाखऱ्याला भाऊसाहेबांचा थोरला भाऊ विठू राहतो. वाटणी झाली तेव्हा घर, शेत, आंब्याची झाडं सगळं सुरळीत वाटलं गेलं, आणि अडलं ते मळणीच्या खळ्यावर. खळं दोघांत एक. भाऊसाहेबांनी कचेरीतून टेप आणून खळ्याच्या बरोबर मधोमध चुन्याची रेघ मारली. खळ्यातला बैल बांधायचा खांब रेघेच्या अलीकडे, त्यांच्या बाजूला, नऊ बोटं आला. भाऊसाहेब म्हणाले, नियमाने खांब माझा. विठू म्हणाला, "मग बैलपण अर्धा अर्धा काप." बस्स. तेव्हापासून दोघे भाऊ लग्नकार्यात मांडवाच्या दोन टोकांना उभे राहायचे आणि घरची आमंत्रणं एकमेकांना पोस्टाने पाठवायचे. बैल जाऊन आता मळणीचं मशीन आलं, खांबाचं कोणाला काम उरलं नाही, तरी अबोला होता तिथेच होता. दिवाळीच्या पाडव्याला भाऊसाहेब विनाकारण माळशेजकडून, म्हणजे वैशाखऱ्यावरून, येणाऱ्या एसट्यांच्या वेळा विचारायचे, हे सकुबाईंना ठाऊक होतं. त्या बोलून दाखवत नसत.

तेव्हा ऊन मुरबाडातच मिळवायचं ठरलं. आणि त्याबरोबर भाऊसाहेबांनी दुसरंही ठरवलं: झालं ते सोसायटीत झालं, सोसायटीच्या बाहेर हा आकडा जाता कामा नये.

पहिला प्रयत्न बाल्कनीत. बाल्कनीत ऊन आठ वाजून पाच मिनिटांनी यायचं आणि वीस मिनिटांनी समोरच्या नव्या इमारतीमागे जायचं. ते कोवळं होतं, म्हणजे बाद. खालच्या मजल्यावरच्या कमळाबाईंनी मात्र कोवळ्या उन्हाचाच आग्रह धरला. त्यांच्या मते अकराचं ऊन पित्ताला वाईट, आणि उन्हात बसण्यापूर्वी खोबरेल लावावं. त्यांच्या यजमानांच्या मते तीळतेल. तिसऱ्या मजल्यावरून निरोप आला की तेल काहीच लावू नये, त्यापेक्षा नाचणीची आंबील घ्यावी. भाऊसाहेबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, कारण सल्ला न ऐकणाऱ्या माणसाला सोसायटीत पुढच्या सभेत बोलू देत नाहीत.

दुसरा प्रयत्न गच्चीत. गच्चीला कुलूप होतं आणि किल्ली चेअरमन मनोजकडे. मनोजने आदराने बसवलं, चहा दिला आणि कपाटातून इतिवृत्ताची वही काढली.

"भाऊसाहेब, मी कधी नाय म्हणेन का? पण ठराव क्रमांक सात बघा."

ठराव क्रमांक सात भाऊसाहेबांनी स्वतःच लिहिला होता. पोरं गच्चीत क्रिकेट खेळायची, तेव्हा ते सोसायटीचे सेक्रेटरी होते. "कोणत्याही सभासदास, त्याच्या कुटुंबीयांस अथवा पाहुण्यांस, कोणत्याही कारणास्तव, दिवसा अथवा रात्री गच्चीवर थांबता, बसता अथवा झोपता येणार नाही." भाऊसाहेबांनी ते दोनदा वाचलं. वाक्य इतकं घट्ट बांधलेलं होतं की त्यांना स्वतःलाच त्यातून फट सापडेना. थोडा अभिमानही वाटला.

"ठराव बदलायला जनरल मीटिंग लागेल," मनोज म्हणाला. "मार्चमध्ये आहे."

तिसरा प्रयत्न रस्त्यावर. आता ही गोष्ट कधी कोणाच्या लक्षात आलेली नसते, पण मुरबाडात रस्त्याच्या कडेला उन्हात उभ्या असलेल्या माणसाचा एकच अर्थ होतो. भाऊसाहेब उभे राहून पाच मिनिटं झाली नाहीत, तोच एक जीप कचकन थांबली. "कल्याण, कल्याण! चला बाबा, एकच शीट हाय!" भाऊसाहेब म्हणाले, मला जायचं नाही. ड्रायव्हर म्हणाला, लाजू नका, पुढं बसा. मागच्या दोघांनी म्हाताऱ्या माणसाला मदत म्हणून काखेत हात घालून वर घेतलं. लोकांनी एवढं प्रेमाने उचलल्यावर ओरडणं त्यांना प्रशस्त वाटेना. ते गोवेलीला उतरले आणि एसटीने परत आले. येताना खिडकीतून भरपूर ऊन अंगावर आलं, पण ते काचेतून.

चौथ्या प्रयत्नासाठी त्यांनी जी जागा शोधली ती मात्र अस्सल होती. गावातल्या एका सरकारी कार्यालयासमोरचं पटांगण. कार्यालयाचं नाव सांगत नाही, आतली माणसं अजून नोकरीत आहेत. पटांगणात झाड नाही, बाजूला उंच इमारत नाही, अकरा ते एक लखलखीत ऊन. त्यात कचेरीचं आवार म्हणजे भाऊसाहेबांना माहेरासारखं. सोमवारी अकराच्या ठोक्याला त्यांनी भिंतीला पाठ न लावता सतरंजी अंथरली, सदरा काढून त्याची घडी घातली, गंजी वर सरकवून पाठ उघडी केली, डोक्यावर टोपी घातली, शेजारी पाण्याची बाटली ठेवली आणि मांडी घातली.

आता वाचकांनी स्वतःच्या मनाला विचारावं. महाराष्ट्रात सरकारी कार्यालयासमोर सतरंजी टाकून, टोपी घालून, पाण्याची बाटली घेऊन एखादा म्हातारा बसला, तर तो काय करतोय असं वाटेल?

पहिल्या दिवशी येणाऱ्याजाणाऱ्यांनी नुसते हात जोडले. भाऊसाहेबांना वाटलं, अजून आपल्याला मान आहे. एका बाईने वाकून विचारलं, "मागणी काय हाय, बाबा?" भाऊसाहेबांना आकडा सांगायचा नव्हता. ते म्हणाले, "वैयक्तिक आहे."

मंगळवारी सुनिल आला. सुनिल तालुक्याचा होतकरू पुढारी, वय चाळीस, होतकरूपणाला वीस वर्षं झालेली. भाऊसाहेब दिसताच तो मोटारसायकल स्टँडवर न लावताच धावला, त्यामुळे मोटारसायकल पडली. "भाऊसाहेब, तुमी एकटे बसलात? आमाला एक शब्द नाय?" तासाभरात तो बांबू, दोऱ्या आणि एक लालपिवळा कापडी मंडप घेऊन परत आला.

भाऊसाहेबांच्या अंगावर सावली पडली आणि ते किंचाळले. "मंडप नको! मी उन्हातच बसणार!"

सुनिलने बांबू खाली ठेवले. त्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "या वयात," तो गर्दीकडे वळून म्हणाला, "मंडपसुद्धा नको म्हनतात. असा कडक उपोषणकर्ता तालुक्यानं पायला नाय!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

भाऊसाहेबांनी तिथल्या तिथे खुलासा करायला हवा होता. हे त्यांना त्या वेळीही कळत होतं. पण खुलासा म्हणजे चाळीस-पन्नास माणसांसमोर 'माझ्यात ऊन कमी आहे, आकडा सहा आहे' असं म्हणणं. आयुष्यभर टाळ्या न मिळालेल्या माणसाला पहिल्यांदा मिळालेल्या टाळ्या परत करणं तसं अवघडच. अर्धा तास झाला तसे ते उठले, सदरा घातला आणि जेवायला घरी गेले. यावरही मतभेद झाले. काहींच्या मते हे साखळी उपोषण होतं. साखळीतली बाकीची माणसं दिसत नव्हती एवढंच.

बुधवारी पटांगणात फलक लागला. फलकावर चौदा मागण्या होत्या. वैशाखऱ्याची संध्याकाळची एसटी, कोणाच्या तरी विहिरीचा गाळ, एका वारलेल्या शिपायाचं पेन्शन, दोन पूल आणि सिद्धगडाकडच्या पाड्यांचा रस्ता. सगळ्या रास्तच होत्या. त्यातल्या तीन मागण्यांच्या जुन्या फायली स्वतःच्या हाताने वरच्या टेबलावर पाठवल्याचं भाऊसाहेबांना आठवलं. त्यांनी फलकाकडे पाठ केली, कारण आज पाठीची पाळी होती.

कार्यालयात मात्र धांदल उडाली. संदेश नावाचा कारकून, एकेकाळी भाऊसाहेबांच्या हाताखाली शिकलेला, पत्र घेऊन बाहेर आला. "आपण कोणत्या मागणीसाठी बसला आहात, याचा खुलासा तात्काळ करावा." भाऊसाहेबांनी पत्रातल्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि त्याच पत्रावर खाली लिहून दिलं, "माझी कोणतीही मागणी नाही."

हे उत्तर आत गेलं आणि साहेबांचा चहा तसाच राहिला. मागणी असली की मान्य करता येते, फेटाळता येते, वर पाठवता येते, समिती नेमता येते. मागणीच नाही म्हटल्यावर करायचं काय? "भाऊसाहेब," संदेश काकुळतीला येऊन म्हणाला, "एखादी तरी सांगा. साहेब मोकळ्या मनाने विचार करणार आहेत."

"मी उन्हाला बसलोय रे, संदेश."

"ते दिसतंय ना सगळ्यांना. म्हणून तर ताप झालाय."

गुरुवारी आरोग्य खात्याची माणसं येऊन रक्तदाब आणि वजन घेऊन गेली. उपोषणाच्या चौथ्या दिवशी वजन अर्ध्या किलोने वाढलेलं निघालं. सकुबाई पावडर आहे म्हणून रोजच दूध देत होत्या, त्यात साय. वजनकाटा बिघडल्याची नोंद करण्यात आली. चेअरमन मनोज मुद्दाम येऊन हात हातात घेऊन गेला. "आत्ता समजलं. ऊन-बिन नुसता बहाणा होता. तुमी गच्ची मागत होता ती याच्यासाठीच. भाऊसाहेब, गच्चीची किल्ली काय, आख्खी सोसायटी तुमच्या मागं हाय."

भाऊसाहेबांनी त्या रात्री सकुबाईंना सांगितलं की उद्या शेवटचा दिवस, शनिवारपासून बाल्कनीच बरी. सकुबाई दुधावर साय घालत राहिल्या. त्यांना कमळाबाईंनी मोबाइलवर काहीतरी दाखवलं होतं. भाऊसाहेबांचा उघड्या पाठीचा फोटो होता आणि खाली कोणीतरी लिहिलं होतं: "वैशाखऱ्याचे सुपुत्र धाऊ विशे जमिनीच्या वादातून उपोषणाला. प्रकृती खालावली." बुधवारचा फोटो होता. तो कुठे कुठे गेला असेल, हे सांगायची गरज नव्हती.

शुक्रवारी अकराला पटांगण भरलेलं होतं. भाऊसाहेब हात उघडे टाकून बसले होते. साडेअकराच्या सुमारास गर्दी मधून फाकली आणि एक म्हातारा पुढे आला. अंगात धुवट सदरा, खांद्यावर टॉवेल, एका हातात स्टीलचा पेला, त्यावर ताटली. दुसरा हात गुडघ्यावर. मागून त्याची बायको धोंडीबाई पिशवी घेऊन.

विठूदादा एवढा वाकला कधी, हे भाऊसाहेबांना कळेना. लग्नाच्या मांडवात दुसऱ्या टोकाला उभा राहिलेला माणूस ताठच दिसायचा. आणि गुडघ्यावर हात ठेवून चालायची ती पद्धत तर त्यांनी गेले सहा महिने घरातल्या आरशात बघितली होती.

विठू समोर येऊन थांबला. भावाच्या तोंडाकडे न बघता सतरंजीकडे बघत म्हणाला, "धाऊ, ऊठ. खळं सगळं तुझं. त्यो खांब हाय ना, त्योपन तुझा. मी सही द्याला आलोय. आता ह्ये घे नि उपास सोड."

सुनिलने "विजय असो" अशी घोषणा दिली. लोकांनी टाळ्या पिटल्या. कार्यालयाच्या दारातून संदेश अक्षरशः उड्या मारत आत पळाला, कारण पाच दिवसांनी मागणी सापडली होती आणि तीही दुसऱ्याच माणसाने मान्य केली होती. सरकारी कामात याहून भाग्याचा क्षण नसतो.

भाऊसाहेबांच्या समोर लिंबाच्या सरबताचा पेला होता. विठूने तो अजून पुढेच धरला होता. घेतला, तर अख्खं खळं मिळत होतं, अकरा वर्षांचा वाद जिंकला जात होता, आणि चारचौघांत मानही राहत होता. फक्त दादाला फसवावं लागत होतं. भाऊसाहेबांनी भोवतालच्या गर्दीकडे एकदा बघितलं. मग त्यांनी उठायचा प्रयत्न केला, धरायला खिडकी नव्हती, तेव्हा बसूनच बोलले.

"मी उपोषणाला बसलेलो नाही," ते मोठ्याने म्हणाले. "रोज दोन वेळा पोटभर जेवतो. माझ्या हाडांत ऊन कमी पडलंय. डॉक्टरने उन्हात बसायला सांगितलंय म्हणून बसतो. आकडा सहा आहे. तीस पाहिजे." मग त्यांनी, राहायला नको म्हणून, पुढेही सांगितलं, "आणि गच्चीचा ठराव मीच लिहिला होता."

कोणीतरी मागे फिस्सकन हसलं. मग दुसरं हसलं. सुनिल आपला फलक सोडवायला लागला, पण चौदा मागण्या वाचून त्याने तो परत बांधला. लोक पांगले. पाच दिवसांत मिळालेला सगळा मान पाच मिनिटांत गेला, आणि भाऊसाहेब खाली मान घालून सतरंजीची झालर चाचपत राहिले.

विठू मात्र हलला नव्हता. "म्हंजे," तो सावकाश म्हणाला, "तू मरत नायस?"

"नाय रे, दादा."

अकरा वर्षांनी भाऊसाहेबांच्या तोंडून गावाकडचं 'नाय' बाहेर पडलं. त्यांना स्वतःलाच ते ऐकू आलं.

"ऊन खायाला हापिसाच्या दारात बसतंस?" विठूचा आवाज चढला. "आपल्या खळ्यात काय काळोख हाय? आं? सगळा मुरबाड हिंडलास, खळं नाय दिसलं तुला? आनि आमी तिकडं..." तो मटकन सतरंजीवर बसला. पेल्यातलं थोडं सरबत सांडलं.

"आता वरडताव कशाला? अंगात तेवढी ताकद तरी हाय का?" धोंडीबाई पुढे आल्या. मग धाकट्या दिराकडे वळून म्हणाल्या, "बुधवारच्या रातीपासून ह्यांच्या पोटात अन्नाचा कण नाय, भावजी. त्यो फोटू पायला नि ताट सारलं. म्हनं माझा धाऊ तिकडं उपाशी नि मी कसा जेवू? काल धान भरायला माणसं होती, त्यांना वाढलं, पन ह्ये नाय बसले. एसटीत दोनदा चक्कर आली."

पाच दिवस पटांगणात बसून भाऊसाहेबांनी घरी जाऊन रोज मटकीची उसळ आणि भात खाल्ला होता, साय घातलेलं दूध प्यायलं होतं. आणि तिकडे वैशाखऱ्याला हा त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, कोणी फोटो काढत नाही, कोणी टाळ्या वाजवत नाही, ताट बाजूला सारून बसला होता.

भाऊसाहेबांनी विठूच्या हातातला पेला घेतला. दोन्ही हातांनी धरून दादाच्या तोंडाशी नेला.

"घे. सोड उपास."

"तू आधी..."

"मी जेवून आलोय, दादा. पी आता गुमान."

विठू प्यायला. मधे ठसका लागला, तेव्हा भाऊसाहेबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पाठीचं एकेक हाड हाताला लागत होतं.

तेवढ्यात संदेश धापा टाकत बाहेर आला. त्याच्या हातात उपोषण सोडल्याच्या नोंदीचा कागद होता. पटांगण रिकामं आणि दोन म्हातारे एका पेल्याला धरून बसलेले बघून तो गोंधळला. "भाऊसाहेब, उपोषण सुटलं ना? साहेब विचारतायत. फाइल बंद करायला ह्याच्यावर भरून पाहिजे. तुमचं नाव लिहू ना?"

"आण इकडे. तुझं अक्षर वाचता येत नाही."

भाऊसाहेबांनी कागद मांडीवर घेतला. तेहतीस वर्षांत त्यांनी एकही रकाना खोटा भरला नव्हता. उपोषणकर्त्याचे नाव, या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: विठू गोविंद विशे. उपोषण सोडवणाऱ्याचे नाव: धाऊ गोविंद विशे. नाते: धाकटा भाऊ. मग सही केली, तारीख घातली आणि कागद संदेशच्या हातात दिला.

"मागणीचा रकाना राहिला," संदेश म्हणाला.

"लिही, पूर्ण झाली," भाऊसाहेब म्हणाले आणि उठायला विठूच्या खांद्याचा आधार घेतला. विठूने त्यांच्या कमरेचा घेतला. दोघांनाही एकदम उठता येईना, तेव्हा धोंडीबाईंनी पिशवी खाली ठेवून दोघांना एकेक हात दिला.